खर्चापुरतं

आमच्या शेजारचे तांडेल कुठल्याही चांगल्या गोष्टीला चांगलं म्हणत नसत. बोट पापलेटांनी भरून धक्क्याला लागली आणि कुणी विचारलं, काय गावलं, तर उत्तर ठरलेलं, "खर्चापुरतं." मुलाच्या लग्नात सगळी आळी जेवून तृप्त होऊन गेली. व्याह्यांनी मोठ्या आशेने विचारलं, जेवण कसं काय झालं? तांडेल म्हणाले, "भागलं." पहिला नातू झाला, चांगला गुटगुटीत. बघायला आलेल्या बायकांना हे पडवीतूनच सांगत होते, "हाय आपला कसातरी." त्यांची बायको, म्हणजे आमची काकी, आतून म्हणाली की उद्या मी मेले तरी हे म्हणतील, होती बरी.

यात कद्रूपणा नव्हता. जे पाण्यावर जायचं आहे किंवा पाण्यातून यायचं आहे त्याला तोंडाने चांगलं म्हणायचं नाही, म्हटलं की दृष्ट लागते, ही त्यांच्या धंद्यातली रीत. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. सुकाणू त्याच्या हातात, खलाशी त्याच्या शब्दात, आणि मासा कुठे आहे ते त्याच्या डोक्यात. आमच्या तांडेलांनी चाळीस वर्षं हे काम केलं. मग गुडघे गेले, बोट मुलाकडे गेली आणि ती रीत तेवढी घरी आली. ते चहालासुद्धा बरा आहे यापुढे जाऊ देत नसत. त्यांचं पाळण्यातलं नाव मला निवडणुकीत घरोघर वाटलेल्या चिठ्ठीवरून कळलं. आमच्या आळीत, बंदरात आणि थेट बँकेतही ते तांडेलच होते.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली. एका सोमवारी सकाळी अकराच्या मीटिंगला आमच्या टीममधल्या चौदा जणांना बोलावलं आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही चौदाही जण कंपनीचे माजी झालो. लॅपटॉप परत न्यायला माणूस दुपारीच दारात हजर. माझी खुर्ची मोडली होती तेव्हा हाच माणूस तीन महिने सापडला नव्हता. खोली सोडली, दोन बॅगा भरल्या आणि रत्नागिरीला घरी आले. आईला म्हटलं, चार दिवस राहीन. राहिले नऊ महिने.

आता मुलाखती सगळ्या फोनवर आणि लॅपटॉपवर. आमचं घर जुन्या चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. आत रेंज म्हणून येत नाही. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, ते याला घराचा गुण समजतात. रेंज यायची ती तांडेलांच्या पडवीत, कारण तिच्या बरोबर समोर, खाडीपलीकडच्या टेकडीवर टॉवर. म्हणून मी रोज सकाळी नऊला जुना लॅपटॉप घेऊन शेजारी जायची. पडवीच्या एका कोपऱ्यात स्टुलावर माझं दुकान, दुसऱ्या कोपऱ्यात तांडेल मांडीवर जाळं घेऊन लाकडी सुईने शिवत बसलेले. मुलाच्या बोटीची जाळी, शिवाय इतर चार जणांची. पहिल्या दिवशी मी विचारलं, काका, मी इथे बसले तर चालेल ना? ते म्हणाले, "बस. कुत्रापन बसतो."

नोकरी शोधणं हे नोकरी करण्यापेक्षा कष्टाचं काम आहे, आणि त्यात रविवारचीही सुट्टी नाही. रेझ्युमे चढवा म्हणतात. चढवला की त्यातलंच सगळं पुन्हा एकेका चौकटीत भरा म्हणतात. जागा नवशिक्याची आणि अनुभव पाच वर्षांचा हवा. एका ठिकाणी अर्ज केला तर चार मिनिटांत नकार आला, तोही "आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करून." दुसऱ्या एका कंपनीने चार फेऱ्या घेतल्या. चौथ्या फेरीतले साहेब म्हणाले, तुमच्याशी बोलून फार आनंद झाला. त्या आनंदात ते कळवायचं विसरले ते विसरलेच. ज्या तंत्रज्ञानावर मी सहा वर्षं पोट भरलं ते जुनं झालं, असं मला माझ्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या एका मुलाने समजावून सांगितलं. मी त्याला धन्यवादही दिले. आईने वाढवलंच तसं.

काही कंपन्या आधी परीक्षा घेतात. कॅमेरा चालू ठेवून बसायचं आणि दीड तासात कोडं सोडवायचं. पहिल्याच परीक्षेत पडद्यावर लाल अक्षरं उमटली, चौकटीत दुसरी व्यक्ती आढळली. दुसरी व्यक्ती म्हणजे तांडेल. ते जाळं ओढत माझ्या मागून इकडून तिकडे चालले होते. मग तिकडून इकडे आले. तिसऱ्या खेपेला परीक्षाच बंद पडली आणि मी नापास. मी त्यांना रागावले नाही, फक्त काय झालं ते सांगितलं. तेव्हापासून माझी परीक्षा असली की ते मागच्या दाराने निघून, दुखऱ्या गुडघ्यांनी सगळ्या घराला वळसा घालून नळावर जायचे. काकीलाही तोच नियम. मांजराला तेवढा लागू करता आला नाही.

आमच्या गावाला चौकशीची फार हौस. झालं का कुठे, हा प्रश्न मला भाजीवालीने विचारला, डॉक्टरांनी विचारला, आणि पार मालगुंडच्या एका लग्नात अक्षता हातात असताना नवरीच्या आत्याने विचारला. तांडेलांनी नऊ महिन्यांत एकदाही विचारलं नाही. मुलाखत संपवून मी लॅपटॉप मिटला की एकदा माझ्याकडे बघत आणि काकीला म्हणत, चहा टाक. मीच एकदा म्हटलं, काका, तुम्ही कधी विचारत नाही. तर म्हणाले, "रिकामी बोट पान्यावर वर तरंगते, बाय. लांबून दिसते. इचारायचं कशाला?"

त्यांची खलाशी निवडायची पद्धत मला त्या काळात कळली. नारळी पौर्णिमेच्या आधी गावागावातून आणि आता थेट नेपाळातून माणसं कामाला येतात. तांडेल त्यातल्या कुणाला काही विचारत नसत. फाटकं जाळं त्याच्या पुढ्यात टाकायचं, आलोच म्हणायचं आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत जो शिवायला बसला तो घेतला. जो जाळं कुणी फाडलं ते विचारत बसला तो परत पाठवला. मुलाखत संपली. मी त्यांना आमच्याकडच्या पाच फेऱ्यांचं वर्णन करून सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. म्हणाले, पाच वेळा त्याच मानसाकडून जाळं शिवून घेतात आनि बोटीवर नेत नाय? मग शिवलेलं जाळं वापरतात काय? याचं उत्तर मला अजूनही ठाऊक नाही.

पाचव्या महिन्यात माझा धीर सुटला. जयगडच्या बंदरात कुठल्याशा कचेरीत बसायला माणूस हवा होता, बाबांच्या ओळखीतून जमण्यासारखं होतं. काम म्हणजे आलेल्या ट्रकांची नोंद. बाबा म्हणाले, कॉम्प्युटरच आहे तोही. त्यांचा हेतू चांगला होता, पण मला ते वाक्य फार लागलं. जे काम मला येतं, जे करताना मला जेवणाची आठवण राहत नाही, ते माझ्या हातून कायमचं सुटतंय असं वाटलं. तांडेलांच्या पडवीत येऊन मी सांगितलं की उद्यापासून येणार नाही. ते जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "जून-जुलैला दर्या बंद असतो. दोन महिने एक बोट पान्यात नसते. तवा मी बेकार असतंय काय? बंदी असते, बाय. बंदीत कोन बेकार नसतो." एवढंच. मी दुसऱ्या दिवशी नऊला लॅपटॉप घेऊन हजर झाले.

सातव्या महिन्यात मासा लागला. पुण्यातली बऱ्यापैकी मोठी कंपनी, मला हवं होतं अगदी तेच काम. चार फेऱ्या झाल्या आणि पाचवीऐवजी एचआरच्या मॅडमचा फोन आला. मॅडम कोल्हापूरकडच्या, बोलणं मोकळं. म्हणाल्या, तुमची निवड झाली आहे, पत्ता आणि वर्तणुकीची पडताळणी झाली की पत्र पाठवते. मी घरी सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. तांडेलांना सांगितलं तर ते म्हणाले, बोलू नको जास्त, आनि दारात हसत उभी राहू नको.

दोन दिवसांनी आम्ही तिघंही मामाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पालीला गेलो होतो. नेमका त्याच दिवशी पडताळणीवाला आला. पन्नाशीचा गृहस्थ, स्कूटरवर, डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नव्हतं म्हणे. आमच्या दाराला कुलूप. त्याने घराचा फोटो काढला आणि नियमाप्रमाणे शेजाऱ्यांकडे चौकशी करायला पडवीत शिरला. शेजारी म्हणजे तांडेल.

चौथ्या दिवशी मॅडमचा मेल आला. शेजाऱ्यांकडून उमेदवाराबद्दल समाधानकारक अभिप्राय मिळालेला नाही, तरी खुलासा करावा, तोपर्यंत पत्र थांबवत आहोत. मी तो मेल तीनदा वाचला आणि पडवीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बघितलं. तांडेल निवांत जाळं शिवत होते. मी विचारलं, काका, परवा कुणी माणूस आला होता का? ते म्हणाले, "आलेला. इचारलान, काम कसं करते? म्हटलं, खर्चापुरतं. इचारलान, सोभाव कसा? म्हटलं, भागतं. मग म्हटलान, हुशार हाय काय? म्हटलं, हाय आपली कशीतरी." आणि मग अगदी आवाज खाली आणून, "तू काय काळजी करू नको. त्याला कसला थांग लागू दिला नाय मी."

ते खूश होते. हातातोंडाशी आलेली माझी नोकरी त्यांनी परक्या माणसाच्या नजरेपासून राखली होती. चाळीस वर्षं भरलेल्या बोटी जशा राखल्या तशीच.

मला हे आज कळतं. तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलले. पुष्कळसं लिहायची लाज वाटते, पण एक वाक्य लिहिते, कारण ते मी बोलले हे खरं आहे. मी म्हटलं, सगळ्या दुनियेने मला नको म्हटलं ते मी सोसलं, आता तुम्हीसुद्धा म्हणालात. तांडेलांची सुई जाळ्यात अर्धी गेली होती, ती तशीच राहिली. काकी आतून आली आणि नेमकं काय झालं ते तिने मला दोनदा विचारून घेतलं. मग नवऱ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी नऊला मी गेले ती उरलेलं भांडण करायलाच गेले होते. तर तांडेल माझ्या कोपऱ्यात, माझ्या स्टुलाशेजारी उभे. अंगात पांढरा इस्त्रीचा सदरा, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायला जाताना घालतात तो. म्हणाले, फोन लाव त्या म्याडमला. मी म्हटलं, काका, राहू द्या, मी मेल लिहिते. ते ऐकेनात. मी लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल लावला आणि मॅडम पडद्यावर येण्याआधी त्यांनी मला हळूच विचारलं, तुमच्या धंद्यात दृष्ट नाय लागत ना गो? मी म्हटलं, नाही लागत.

मॅडम आल्या. मी ओळख करून दिली, काय घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं. तांडेलांनी हात जोडले. समोर पडद्यावर मॅडमचा चेहरा दिसत असूनही ते लॅपटॉपच्या वरून पलीकडे, खाडीकडे बघत बोलले.

"म्याडम, मी त्या मानसाला खर्चापुरतं बोललो ती आमची रीत हाय. बोट बंदराला लागंपर्यंत आमी चांगलं बोलत नाय. आज बोलतंय. चाळीस वर्सं खलाशी घेतलेत मी. जाळं फाटून आलं की मानूस रडतो, नायतर कोनी फाडलं त्याच्यावर भांडतो. ही पोर सात महिने माज्या पडवीत बसली. रोज टाकलंन, रोज फाटकं वर आलं, रोज शिवून परत टाकलंन. एक दिस खाडा नाय. माज्या दोन्ही पोरांत मी असं बगितलं नाय. माजी बोट असती तर मी सुकानू हिच्या हातात दिलं असतं. लिवून घ्या."

मॅडमना आमच्याकडचे हेल कितपत कळले कोण जाणे, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, घेतलं लिहून, आजोबा. नोकरीचं विसरले होते मी त्या क्षणी. दहावीत बोर्डाच्या परीक्षेत गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा बाबासुद्धा, पुढे बारावी आहे, एवढंच म्हणाले होते. माझ्याबद्दल असं सरळ, तोंडावर, कुणी कधी बोललं नव्हतं. संध्याकाळी तांडेलांच्या हुकमावरून काकीने मीठमोहरी आणि मिरच्यांनी माझी दृष्ट काढली. एकदा नव्हे, सलग तीन दिवस. मिरच्यांच्या ठसक्याने आमच्याकडची सगळी आळी खोकत होती.

आठवड्याने मॅडमचा मेल आला. पडताळणी पूर्ण झाली होती, अभिप्राय उत्तम होता. पण कंपनीचं परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक सुटलं आणि वरच्या लोकांनी सगळीकडचीच भरती थांबवली होती. नंतर मॅडमनी फोनही केला, आणि त्यांना मनापासून वाईट वाटत होतं हे कळत होतं. मी तांडेलांना सगळं नीट समजावून सांगितलं. गिऱ्हाईक, परदेश, भरती, माझ्यासारखे आणखी कितीतरी जण. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोललो म्हनून."

मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा मान डोलवली. पण त्यानंतर मी पडवीत आले की ते जाळं खांद्यावर टाकून धक्क्यावर निघून जायचे. गुडघ्यांनी तेवढं चालवत नव्हतं तरी जायचे. म्हणायचे, तिथं वारा बरा लागतो. मोकळ्या पडवीत एकटीने मुलाखती देताना मला करमत नसे. मला मागून माणूस फिरायला हवा होता. खरं सांगते, शेवटचे दोन महिने मी नोकरी माझ्यासाठी शोधलीच नाही. हा म्हातारा आपल्या पडवीत परत येऊन बसावा, त्याच्या बोलण्याने माझं काही बुडालं नाही हे त्याला दिसावं, म्हणून मी दिवसाला दहा दहा अर्ज करत होते. आळस आला की धक्क्याकडे बघायची.

नवव्या महिन्यात नोकरी लागली. कंपनी छोटी, काम मनासारखं, आणि पडताळणी सगळी कागदावरच. पत्र हातात आल्यावर मी धावत धक्क्यावर गेले. तांडेल बर्फाच्या पेट्यांच्या आडोशाला जाळं घेऊन बसले होते. मी सांगितलं. त्यांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "माजं नाव नाय ना कुठं यात?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग बरं." त्यांचा चेहरा एवढा मोकळा झाला की पुढे समजावायला माझी जीभ उचलेना. म्हटलं, आता आनंदात आहेत, गणपतीला येईन तेव्हा बसून नीट सांगेन.

तांडेल त्याआधीच, जुलैत गेले. दर्या बंद होता, त्यामुळे सगळ्या बोटींवरची माणसं त्यांना पोचवायला आली. मला कळलं तेव्हा मी पुण्यात होते, पोचले ती तिसऱ्या दिवशी. काकी म्हणाली, तुझा फोन आला की ते उठून बाहेर जायचे. मी म्हणायची, बोला की दोन शब्द, तर म्हणायचे, नको, तिचं चाललंय ते चालू दे.

आता मीही मुलाखती घेते. समोरच्याचं काही आवडलं तर त्याला तिथल्या तिथे सांगते. निवड होवो न होवो. आमच्या एचआरला ते पसंत नाही, उमेदवाराच्या उगाच आशा वाढतात म्हणतात. वाढू देत. त्या नऊ महिन्यांत किती जणांनी माझी पारख केली त्याचा मी हिशेब ठेवला नाही. त्यातला एकच माणूस माझ्याबद्दल मनापासून चांगलं बोलला, आणि मरेपर्यंत त्याला वाटत राहिलं की चूक आपल्याच हातून झाली.